मिरजेच्या फोटोतलं इंजिन

रौप्यमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी सभासदांनी दिलेल्या फोटोंपैकी एकाच फोटोच्या ओळीवरून समितीत तीन बैठका झाल्या. बाकीच्या फोटोंचं सोपं होतं. भूमिपूजन, पहिला गणपती, टाकी कोसळली ते वर्ष, सगळ्यांना सगळं आठवत होतं. पण बी विंगमधल्या काकूंनी दिलेला फोटो त्यांच्या माहेरचा, सोसायटी बांधली जाण्याच्या किती तरी आधीचा. 'आमची मुळं' या विभागात तो लावायचा होता आणि खाली काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

फोटो काळा-पांढरा, पोस्टकार्डाहून थोडा मोठा, कडा नागमोडी कातरलेल्या. फलाटाच्या टोकाला जिथे उतार संपतो आणि खडी लागते, तिथे एक कुटुंब बसलं-उभं आहे. खुर्चीवर काळी टोपी घातलेले आजोबा, शेजारी नऊवारीतल्या आजी. मागे काकूंचे वडील, कोट आणि टोपी, चेहरा कडक. दुसऱ्या खुर्चीवर आई आणि आईच्या मांडीवर आठ-दहा महिन्यांचं मूल. मुलाचे केस कुरळे, अंगात झबलं आणि पायांत चांदीचे वाळे. कुटुंबाच्या डाव्या बाजूला एक पत्र्याची ट्रंक आणि तिच्यावर उभी करून ठेवलेली वळकटी. आणि या सगळ्यांच्या पाठीमागे, अर्धा फोटो व्यापून, वाफेचं इंजिन.

फोटोच्या मागे पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं. त्यातली 'मिर' एवढी दोन अक्षरं उरली आहेत. पुढचं कसरीनं खाल्लं.

काकूंच्या घरात या फोटोची गोष्ट ठरलेली होती. वडील रेल्वेत पार्सल कारकून. त्यांची बदली झाली तेव्हा सगळे निरोपाला स्टेशनवर आले आणि स्टुडिओवाल्याला बोलावून 'दख्खनच्या राणी'समोर हा फोटो काढला. मांडीवरचं मूल म्हणजे काकूंचा थोरला भाऊ, दादा. तो १९४८ साली गोवरानं गेला, सव्वा वर्षाचा असताना. काकूंचा जन्म त्यानंतरचा, १९५२च्या नोव्हेंबरातला. म्हणजे त्यांनी दादाला पाहिलंच नाही. त्याचा दुसरा फोटो नाही. हा फोटो त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं देवघराशेजारी लावलाय आणि दादाच्या तिथीला त्याला फूल वाहिलंय.

आता तुम्ही म्हणाल, आई-वडिलांना विचारलं असतं तर प्रश्नच उरला नसता. पण काकू सहा वर्षांच्या असताना आई गेल्या. वडिलांसमोर दादाचा विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे. शिवाय फोटो त्यांच्या घरी नव्हताच. तो सांगलीला मामांकडे होता, आणि म्हणूनच वाचला. कारण १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठेतलं त्यांचं घर पाण्यात गेलं. त्यात वडिलांच्या नोकरीचे कागद, पत्रिका, आईचं लुगडं, सगळंच गेलं. वडील वारल्यावर मामांनी फोटो आणून दिला आणि सांगितलं, हा तुझा दादा. मामा तरी फोटोत कुठे आहेत? त्यांनाही कोणी तरी सांगितलं असणार.

समितीपुढचा प्रश्न साधा होता. खाली 'दख्खनची राणी, पुणे' लिहायचं का? सी विंगमधले काका (रेल्वेत इंजिन-क्लीनर म्हणून लागले, फायरमन झाले, डिझेलचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले) फोटो हातात घेऊन एवढंच म्हणाले, "राणी काय, ही तर राणीची दासीसुद्धा नव्हे." तिथून पुढे हे काम माझ्याकडे आलं. मला रेल्वेच्या जुन्या पुस्तकांचा नाद आहे हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, काहींना जरा जास्तच.

पहिल्यांदा राणीचा निकाल लावू. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली आणि ती पहिल्यापासून विजेवर चालली. घाटातून पुण्यापर्यंत विजेच्या तारा १९२९ सालीच पोचल्या होत्या. आपल्या डोक्यात 'जुनी गाडी म्हणजे धूर' असं समीकरण असतं, म्हणून राणीच्या पुढे कोळशाचं इंजिन लावायची कल्पना सहज पटते. पण मुंबई-पुणे हा मार्ग त्या बाबतीत बाकी देशाच्या फार पुढे होता.

याहून पक्का पुरावा इंजिनाच्या तोंडावरच आहे. त्या काळच्या ब्रॉडगेज इंजिनाला पुढच्या आडव्या तुळईवर डावी-उजवीकडे दोन गोल बफर असायचे, मोठ्या ताटल्यांसारखे, आणि मधे साखळीची जोडणी. काकूंच्या फोटोत बाजूला एकही बफर नाही. तुळईच्या बरोबर मध्यावर एकच आहे, त्यातच आकडा. धक्का झेलायचं आणि डबा ओढायचं, दोन्ही कामं तो एकटा करतो. ही छोट्या गेजची खूण. तेव्हा हे इंजिन मुंबई-पुणे लोहमार्गावर उभंच राहू शकत नाही. त्याची चाकं त्या रुळांवर बसणार नाहीत.

म्हणजे पुणे गेलं असं मात्र नाही. पुण्याला दोन गेज होते. मुंबई आणि दौंडकडे ब्रॉडगेज, आणि साताऱ्याच्या बाजूनं मिरजेकडे जाणारा मीटरगेज. मागची 'मिर' ही अक्षरं मिरजेकडे बोट दाखवत होती, पण पेन्सिलीचं काय, 'मिरजेला जाताना' असंही लिहिलेलं असू शकतं. इथे फोटोचा उजवा कोपरा कामाला आला. इंजिनाच्या पलीकडे, दुसऱ्या रुळावर, दोन डबे उभे आहेत. ते इतके बुटके की पहिल्यांदा मला मालडबे वाटले. पण खिडक्या आहेत, एका खिडकीतून कोणाचा तरी कोपर बाहेर आलाय. ते नॅरोगेजचे डबे. आणि दक्षिण महाराष्ट्रात मीटरगेज आणि नॅरोगेज शेजारी-शेजारी उभे राहायचे ते ठिकाण एकच, मिरज जंक्शन.

हे बुटके डबे बार्शी लाइट रेल्वेचे. तिच्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपल्या सोसायटीत सोलापूर-लातूर-पंढरपूरकडची निदान आठ-दहा घरं आहेत, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी या गाडीत बसून वारी केलेली आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही गाडी. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरही चांगली, पुरेसं वजन वाहणारी गाडी चालवता येते, असं त्याचं म्हणणं होतं. त्यासाठी इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. भार असा वाटला की हलके, स्वस्त रूळ पुरतात. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. पुढे १९०६मध्ये पंढरपूर, १९११मध्ये लातूर आणि १९२७मध्ये मिरज. १९५४ साली सरकारनं ती विकत घेतली, तोवर ती खासगी कंपनीच होती. या कॅल्थ्रॉपनं पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, त्याला नाव दिलं 'गार्डियन एंजल'. बार्शीच्या गाडीचा आणि पॅराशूटचा जनक एकच, हे मला कळलं त्या दिवशी मी ते दोन-तीन मजल्यांवर जाऊन सांगून आलो.

तर ठिकाण मिरज. मग इंजिन मीटरगेजचं की नॅरोगेजचं? शेजारच्या बुटक्या डब्यांच्या मानानं त्याचा बंब बराच उंच आहे, आणि तुळईवर रंगवलेलं पहिलं अक्षर स्पष्ट दिसतं, इंग्रजी 'वाय'. रेल्वेच्या खुणेच्या भाषेत वाय म्हणजे मीटरगेज. अडीच फुटी गेजला झेड. त्याहून लहान, दोन फुटीला क्यू. ब्रॉडगेजची गंमत अशी की तिथे अक्षर बदललं. १९२०च्या दशकात जी प्रमाणित इंजिनं ठरवली त्यांना एक्स, म्हणजे एक्स-ए, एक्स-बी, एक्स-सी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नव्या पिढीला डब्ल्यू, म्हणजे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल ती टोकदार नाकाची डब्ल्यू-पी आणि मालगाडीची डब्ल्यू-जी. ब्रॉडगेजचं इंजिन असतं तर पहिल्या अक्षरावरूनच युद्धाआधीचं की नंतरचं ते कळलं असतं. मीटरगेजला मात्र आधीही वाय आणि नंतरही वाय. म्हणून सगळी मदार दुसऱ्या अक्षरावर.

आणि दुसऱ्या अक्षराच्या पुढे वळकटी उभी आहे.

ट्रंकेवर ठेवलेल्या त्या वळकटीचं वरचं टोक नेमकं अक्षराच्या मध्यापर्यंत येतं. वरचा अर्धा भाग दिसतो. एक उभी रेघ आणि तिच्या उजवीकडे वळलेला पोटाचा गोल. खाली काय आहे ते गादीच्या सुरकुत्यांमागे. गोल आहे म्हणजे ते जी नव्हे. डीचा गोल मात्र वरून खालपर्यंत एकसंध असतो, तोही वरून असाच दिसू शकतो. उरतात बी, डी आणि पी.

इथे चाकं मोजायची. वाफेच्या इंजिनाची जात त्याच्या चाकांवरून सांगतात. पुढची लहान चाकं, मधली ओढणारी मोठी चाकं, मागची लहान चाकं, असे तीन आकडे. ४-६-२ म्हणजे पुढे चार, मधे सहा, मागे दोन. ही रचना प्रवासी गाड्यांची, पळण्यासाठी. २-८-२ म्हणजे मालगाडीची, ओढण्यासाठी. फोटोत सगळी चाकं दिसत नाहीत, आजी-आजोबांमागे बरीच झाकली आहेत. पण पुढची बाजू दिसते आणि तेवढी पुरते. ४-६-२मध्ये पुढच्या दोन लहान चाकांच्या मधोमध वर सिलिंडर येतो. २-८-२मध्ये सिलिंडरच्या पुढे एकच लहान चाक असतं. काकूंच्या फोटोत सिलिंडरच्या अलीकडे एक, पलीकडे एक, अशी दोन लहान चाकं आहेत. वाय-डी ही मालगाडीची, २-८-२ जातीची. ती गेली.

राहिल्या दोन, वाय-बी आणि वाय-पी. दैव असं की दोन्ही ४-६-२. चाकं मोजून इथे काहीच कळत नाही. आणि नेमका इथेच काकूंचा सगळा प्रश्न अडकलेला. वाय-बी ही १९२०च्या दशकातल्या प्रमाणित जातींपैकी. ती १९४७-४८ साली मिरजेला उभी असायला काहीच हरकत नव्हती, तेव्हा दादा सात-आठ महिन्यांचा होता. वाय-पी ही युद्धानंतरची जात. अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यानं पहिली वीस इंजिनं बनवली ती १९४९ सालची. दादा त्याआधीच गेला होता. म्हणजे वळकटीमागे बी असेल तर मांडीवरचं मूल दादा असू शकतं. पी असेल तर नाही.

हे लक्षात आलं तेव्हा मी दोन दिवस काम बाजूला ठेवलं. प्रदर्शनाच्या एका ओळीसाठी कोणाच्या देवघराशेजारच्या फोटोला हात घालावा का, हा प्रश्न मला पडला. अध्यक्षांचं मत होतं, 'मिरज स्टेशन, जुना फोटो' लिहून मोकळे व्हा. शेवटी काकूंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "बघा तुम्ही. मला अर्धवट माहिती नको."

टेंडरकडे, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याकडे वळलो. त्यावर रेल्वेचं नाव रंगवलेलं असायचं. फोटोत टेंडर तिरका आणि लहान दिसतो, आणि काकूंच्या वडिलांच्या खांद्यामागे त्याचा बराच भाग गेलाय. सोसायटीतल्या एका मुलानं फोटो मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करून दिला. मग एक अक्षर उमटलं, इंग्रजी एस. त्याच्या आधी कोरा पत्रा. पुढचं झाकलेलं.

मिरजेच्या या मार्गाचा इतिहास नावं बदलण्याचा आहे. आधी सदर्न मराठा रेल्वे. ती १९०८मध्ये मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि झाली मद्रास अँड सदर्न मराठा, म्हणजे जुनी माणसं 'एमेसेम' म्हणायची ती. कोल्हापूर-मिरज हा तुकडा कोल्हापूर संस्थानानं बांधलेला, १८९१ सालचा, तोही याच जाळ्यात. १९४४मध्ये एमेसेम सरकारच्या ताब्यात आली. आणि १४ एप्रिल १९५१ रोजी देशातला पहिला रेल्वे विभाग तयार झाला, दक्षिण रेल्वे. इंग्रजीत सदर्न रेल्वे, एस आणि आर. एमेसेमच्या नावात एस आहे खरा, पण तो मधे येतो, त्याच्या आधी एम हवा. इथे एसच्या आधी काही नाही. तेव्हा सदर्न रेल्वे, आणि फोटो एप्रिल १९५१नंतरचा.

सी विंगच्या काकांनी इथे शंका काढली आणि ती रास्त होती. साउथ इंडियन रेल्वेचंही नाव एसनं सुरू होतं. ती तामिळ मुलखातली, मिरजेचा तिचा संबंध नाही. पण युद्धाच्या काळात इंजिनं कुठली कुठे पाठवली जायची. एखादं भरकटून आलेलं असलं तर? काकांना स्वतःला इंजिन वाय-पीच वाटत होतं. "अहो, ज्या इंजिनाच्या भट्टीत मी कोळसा मारलाय, त्याचं तोंड मी विसरेन का?" पण काकूंना सांगायला काकांची खात्री पुरेशी आहे असं मला वाटेना, आणि काकांनीही ते मोठ्या मनानं मान्य केलं.

मग मदतीला आले तळमजल्यावरचे आमचे शेजारी. त्यांनी आयुष्यभर दुकानांचे आणि शाळांचे फलक ब्रशनं रंगवले. त्यांना रेल्वेतलं काही कळत नाही आणि त्यांना कळून घ्यायचंही नव्हतं. फक्त अक्षर दाखवा म्हणाले. फोटोचा तो तुकडा ए-फोर कागदावर मोठा करून दिला, तर त्यांनी पट्टी घेतली, शेजारच्या आख्ख्या वायची उंची मोजली आणि मध्यावर आडवी रेघ मारली. म्हणाले, इंग्रजी बी काढताना वरचं पोट नेहमी लहान ठेवतात. दोन्ही पोटं सारखी काढली तर अक्षर वरून जड दिसतं, पडेल असं वाटतं. म्हणून बीची कंबर मध्याच्या वर येते. पीला खाली पोट नाही, म्हणून त्याचा गोल मध्याच्याही खाली उतरतो. आता बघा. तुमचा गोल मध्याच्या रेघेपर्यंत आला तरी मिटायला लागलेला नाही, अजून बाहेरच चाललाय. हा बी असता तर इथे कंबर दिसली असती.

तीन मिनिटांत सांगितलं आणि चहाला उठले.

एवढ्यावरही मी थांबलो नसतो, पण तुळईच्या उजव्या बाजूला इंजिनाचा क्रमांक आहे. त्यातले पहिले दोन आकडे साफ दिसतात, दोन आणि शून्य. तिसऱ्याची फक्त वरची कमान, आणि पुढे आजोबांची टोपी. टोपीमागे आणखी एक आकडा मावेल एवढी जागा आहे. म्हणजे चार आकडी क्रमांक, दोननं सुरू होणारा. वाय-पींचे क्रमांक तसेच असायचे, २०००पासून पुढे. अक्षर पी, क्रमांक वाय-पीचा, टेंडरवर सदर्नचा एस. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येतात. साउथ इंडियनची शंकाही मिटली, कारण वाय-पी हे युद्धाच्या काळात भरकटून येणारं इंजिनच नव्हे. युद्ध संपल्यावर चार वर्षांनी ती जात जन्माला आली.

वाय-पी जातीची एकूण ८७१ इंजिनं झाली. बाल्डविनची २०, स्कॉटलंडच्या नॉर्थ ब्रिटिशची १००, जर्मनीच्या क्राउस-माफायची २००, आणि बाकी ५५१ आपल्या जमशेदपूरच्या टेल्कोची. ज्या टेल्कोच्या ट्रका आपण रस्त्यावर बघितल्या, ती कंपनी १९४५ साली काढली गेली ती इंजिनं बनवायला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काकूंच्या फोटोतलं इंजिन, क्रमांक २०००च्या घरातला असल्यानं, परदेशातून आलेल्या सुरुवातीच्या इंजिनांपैकी असावं. फोटोत ते नवंकोरं दिसतंही. बंबावर आजींच्या लुगड्याच्या काठाचं प्रतिबिंब पडलंय.

काकूंकडे जाताना काकांना बरोबर नेलं. मी सगळं क्रमानं सांगितलं, बफर, चाकं, एस, पी. मोठा केलेला कागद पुढे ठेवला. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. शिक्षिका होत्या, मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग म्हणाल्या, "म्हणजे ही मी."

आई, वडील, मिरज, १९५३चा पावसाळा, आणि मांडीवर आठ-दहा महिन्यांचं मूल. त्या घरात तेव्हा तेवढं एकच मूल होतं.

काही वेळ कोणी बोललं नाही. आईच्या मांडीवरचा स्वतःचा फोटो आपल्याकडे आहे, हे वयाच्या सत्तरीनंतर कळणं ही केवढी मोठी गोष्ट, असं मी मनात म्हणत होतो. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "म्हणजे दादाचा फोटो नाहीच." याला काय उत्तर द्यायचं? काका इंजिनावर तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस, ते खिडकीबाहेर बघत बसले.

मग काकूंनी भिंग घेतलं आणि मुलाच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, मामा हा दादाच म्हणायचे ते या वाळ्यांवरून. दादाच्या बारशाला आजोबांनी सांगलीच्या सोनाराकडून करून आणलेले, आत घुंगरू नव्हे, बारीक खडा घातलेला. वाळे दादाचेच. आईनं ते मोडले नाहीत. मला घातले. आणि एवढं बोलून त्या आत गेल्या, चहा टाकला, बाहेर येऊन काकांना विचारलं की या इंजिनाची शिट्टी कशी असायची. काकांनी तोंडानं वाजवून दाखवली. खालच्या मजल्यावरून कोणी तरी वर बघितलं.

मिरजेचं ते दृश्य आता नाही. १९६६मध्ये हा मार्ग दक्षिण-मध्य रेल्वेकडे गेला, टेंडरवरची अक्षरं पुन्हा बदलली. १९७१मध्ये पुण्याहून मिरज-कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेज झाला आणि इथल्या वाय-पींना दुसरीकडे काम शोधावं लागलं. बार्शी लाइटचे बुटके डबे त्यानंतरही बरीच वर्षं मिरजेला येत राहिले. मग तेही गेले. आता मिरज जंक्शनात एकच गेज आहे. तिन्ही गेज एका ठिकाणी बघितलेली माणसं आपल्या सोसायटीत अजून चौघं-पाच आहेत, त्यांच्याकडून ऐकून घ्या.

प्रदर्शनात फोटोखाली काकूंनी स्वतः सांगितलेली ओळ लिहिली आहे: 'मिरज जंक्शन, १९५३. मागे वाय-पी जातीचं इंजिन. आईच्या मांडीवर मी, पायात दादाचे वाळे.' फोटोची चांगली प्रत काढून मूळ फोटो त्यांना परत केला. तो देवघराशेजारी होता तिथेच आहे. तिथीला फूल वाहायचं की नाही हे मी विचारलं नाही.

या प्रकारानंतर आणखी तिघांनी घरातले रेल्वेचे फोटो आणून दिले आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते फ्रेममधून जपून काढावेत आणि आधी मागची बाजू पाहावी. पुसू नये, ओल्या फडक्यानं तर नाहीच. बफर एक आहे की दोन, पुढची लहान चाकं किती, टेंडरवर कुठलं अक्षर, हे भिंगानं बघून कागदावर टिपून ठेवावं. मोबाइलवर फोटोचा फोटो काढताना फ्लॅश लावू नये, चकाकीत अक्षरं हरवतात. सी विंगचे काका रोज संध्याकाळी सहानंतर पिंपळाखालच्या बाकावर असतात. त्यांना फोटो दाखवा, शिट्टी ते आपणहून वाजवतील.